जिन्याखालचे दोन इन्व्हर्टर

इन्व्हर्टर ही वस्तू माणसाने घ्यावी, तिच्या बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं आणि विसरून जावी. तिच्याबद्दल विचार करू नये. मी विचार केला आणि तिथेच सगळं बिनसलं.

अर्थात मी काही हौसेने विचार केला नव्हता. बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घ्यायला हवं होतं, पण ते बाबांच्या समोरच म्हणाले, "ऑक्सिजनचं मशीन बंद पडता कामा नये. सिलिंडर घरी ठेवा, पण तो अडीअडचणीला. पुन्हा एकदा जर यांना असं धावतपळत आणावं लागलं, तर मी घरी सोडणार नाही. शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल." बाबा नाकात नळी घालून सगळं ऐकत होते. घरी आल्यावर, आपल्या पलंगावर नीट टेकून बसल्यावर म्हणाले, "मी त्या केंद्रात जाणार नाही. तिथल्या खिडक्या उघडत नाहीत." एका मित्राला भेटायला ते तिथे गेले होते. मित्राबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, खिडक्यांबद्दल मात्र बरेच दिवस बोलत होते.

आता आमच्या भागातली वीज. आमचा ट्रान्सफॉर्मर बाबांपेक्षा म्हातारा आणि त्यांच्यापेक्षा जास्त आजारी. तो बदलायचं काम मंजूर झालं होतं, म्हणजे काम सुरू झालं नव्हतं आणि ते सुरू होईपर्यंत दुरुस्तीही होणार नव्हती. वीज दुपारी जायची, संध्याकाळी जायची, कधी नुसतीच गंमत म्हणून जायची. माझा इन्व्हर्टर बिचारा मशीन ओढायचा, पंखा ओढायचा, दिवा ओढायचा आणि मग लहान मूल रडायला लागावं तसा टीं टीं करायला लागायचा. तो टीं टीं करू लागला की मी सिलिंडरजवळ जाऊन उभा राहायचो. काही करायचो नाही, नुसता उभा राहायचो. ऑफिसची वाट उलट्या दिशेची; ती सोडली तर कित्येक महिने मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पलीकडे गेलो नव्हतो. ऑफिसातून सुटलो की थेट घर. विम्याच्या ऑफिसात लोकांचे दावे तपासणं हे माझं काम. जगात काय काय अचानक बंद पडू शकतं हे मला जरा जास्तच माहीत आहे, आणि ते ज्ञान घरी बसून काही सुख देत नाही.

एका सुट्टीच्या दुपारी असाच मी सिलिंडरजवळ उभा होतो. खाली आमचा इन्व्हर्टर शेवटचे आचके देत होता आणि वरून, छतातून, टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. वर माझा धाकटा भाऊ राहतो. त्याचाही इन्व्हर्टर आहे.

बायको म्हणाली, "अहो, वरचा आणि आपला एकत्र नाही का जोडता येणार?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती असं नाही. पण त्यासाठी वर जावं लागलं असतं. आमच्यात भांडण नव्हतं, हे मी आधीच स्पष्ट करतो. भांडण असलं की निदान बोलणं तरी होतं. वाटणी झाल्यापासून आम्ही दोघे भाऊ फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होतो, आणि तेही टाकी रिकामी असली तर. पावसाळ्यात तर तेवढाही विषय उरायचा नाही.

शेवटी गेलो. जिना चढताना वाक्य जुळवत गेलो: मागितल्यासारखं वाटू नये, पण मिळावं. दार धाकट्यानेच उघडलं. मी वाक्य म्हटलं. तो म्हणाला, "एवढंच ना? मी कधी नाही म्हटलं?"

"तू हो तरी कधी म्हटलंस?"

"तू विचारलंस कधी, दादा?"

यावर उत्तर होतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुचलं.

वायरमनला बोलावलं. हा वायरमन आमच्या गल्लीत प्रसिद्ध होता, कारण तो कशालाही नाही म्हणत नसे. तो म्हणाला, "साहेब, करंट म्हणजे काय, पाणी. एका बादलीत दोन नळ सोडले की बादली लवकर भरणार. याची वायर त्याला, त्याची वायर याला, वर टेप. झालं." मला हे पटलं. नळ आणि बादली यांच्यावर आमचं घर चालतच होतं.

शेजारचे पॉवरहाउसवाले काका कुंपणावरून ऐकत होते. त्यांची हयात एका कारखान्याच्या पॉवरहाउसमध्ये गेली, आणि निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराला पॉवरहाउस समजतात. ते म्हणाले, "असं नाही जोडायचं. दोघांची लय जुळली पाहिजे. एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असली, तर दोघं एकमेकांच्याच नरड्याला लागतील."

वायरमन म्हणाला, "काका, तुमच्या वेळची वीज वेगळी होती."

समोरच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या भाचीकडे चार बॅटऱ्या एकत्र जोडल्यात आणि भाचीचं उत्तम चाललंय. बॅटऱ्या जोडणं वेगळं आणि इन्व्हर्टर जोडणं वेगळं, असं काका ओरडून सांगत होते. पण काकूंनी तोवर भाचीच्या सासरचा विषय काढला होता आणि तो जास्त रंगतदार होता. त्या गडबडीत वायरमनने टेप गुंडाळली आणि मेन स्विच पाडून दोन्ही इन्व्हर्टर चालू केले. सुदैवाने बाबांना तेवढ्यापुरतं सिलिंडरवर घेतलं होतं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव दूरदर्शी निर्णय, आणि तो बायकोचा होता.

फट् असा आवाज आला. मग वास. मग वायरमनचं वाक्य: "तुमचा पीस आधीच वीक होता, साहेब."

माझा इन्व्हर्टर गेला होता. धाकट्याचा शाबूत होता. माझा गेला याचं मला वाईट वाटलं. त्याचा गेला नाही याचं थोडं जास्त वाटलं.

मग मात्र शहाण्यासारखं वागायचं ठरलं. एकत्र जोडता येतील असेच इन्व्हर्टर मिळतात, असं कळलं. त्यांना मधून एक वेगळी केबल असते, तिच्यातून ते एकमेकांशी बोलतात. दोन एकसारखे घेतले, निम्मे निम्मे केले आणि त्यावरून कुणाचं वाजलं नाही, हे आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे. ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. खाली ठेवले तर ते खालच्यांचे होणार, वर ठेवले तर वरच्यांचे. म्हणून जिन्याखाली. जिना दोघांचा. तिथली फरशी एका बाजूला जरा उंच आहे, त्यामुळे माझा इन्व्हर्टर बोटभर वर आला. धाकट्याची बायको येऊन बघून गेली. संध्याकाळी त्यांच्या इन्व्हर्टरखाली एक फळी आली आणि तो माझ्यापेक्षा दोन बोटं वर गेला. मी फळी शोधत होतो, तर बायको म्हणाली, "खबरदार."

कंपनीचा माणूस जोडणीला आला. तो सतत फोनवर असे. फोन खांद्यात आणि मान तिरकी, त्यामुळे आपण सांगितलेलं त्याला संशयास्पद वाटतंय असं वाटत राही. तो म्हणाला, "दोन्हींना वीज एकाच मीटरवरून पाहिजे. तुमचे मीटर दोन आहेत. वीज ऑफिसकडून तेवढं करून आणा."

तेवढं करायला आम्ही दोघे भाऊ बरोबर गेलो. बसमध्ये शेजारी बसलो. टाकी भरलेली होती, त्यामुळे बोलायला काही नव्हतं.

खिडकीतल्या साहेबांनी आमचा अर्ज वाचला, जुनी फाईल काढली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही दुसरा मीटर घेताना लिहून दिलंय की कुटुंबं स्वतंत्र, स्वयंपाकघरं स्वतंत्र. आता म्हणताय, एका मीटरवर दोघांचे इन्व्हर्टर. तुम्ही एकत्र आहात की वेगळे?"

मी धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. इतका सोपा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता. घरातल्या बायकांनाही हा प्रश्न पडला असणार, पण त्यांनी त्याचं उत्तर न देता संसार केला होता.

"तसे वेगळे," मी म्हटलं.

"पण तसे एकत्रच," धाकटा म्हणाला.

"असा रकाना नाही," साहेब म्हणाले. "एकत्र असाल तर दुसरा मीटर परत करा. वेगळे असाल तर याचं कनेक्शन त्याला देता येत नाही. गुन्हा आहे तो."

मग धाकट्याने बाबांबद्दल सांगितलं. मशीन, नळी, डॉक्टर काय म्हणाले ते, केंद्राच्या खिडक्या. खिडक्यांचं त्याला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. बाबा त्याच्याशीही त्याबद्दल बोलले होते तर. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मागे जाऊन कुणाशी तरी कुजबुजून आले. शेवटी म्हणाले, "असं करा. लिहा, 'आम्ही वेगळे आहोत, परंतु वडिलांपुरते एकत्र.' मी खाली शेरा मारतो. आजवर असा शेरा मारलेला नाही, वरून विचारणा झाली तर बघू."

आम्ही लिहिलं. अक्षर माझं, सही दोघांची. बाहेर आल्यावर धाकट्याने चहा पाजला. चहा पिताना तो म्हणाला, "साहेब चांगला होता." मी म्हटलं, "हो." एवढं बोलणं आमच्यात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून मी कप तोंडासमोर धरून ठेवला.

इथेच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट किती बरी झाली असती.

कंपनीचा माणूस पुन्हा आला. मेनची वायर ओढली, मधली केबल जोडली आणि आम्हा सगळ्यांना जिन्याखाली वाकवून समजावलं, "आता सेटिंग. एक युनिट मुख्य ठेवायचं, दुसरं दुय्यम. मुख्य जी लय देईल, ती दुय्यमने धरायची. कुठलं मुख्य करू?"

"कुठलंही करा हो," तो म्हणाला. "दोन्ही सेमच आहेत."

"सेमच आहेत तर मुख्य कशाला लागतं?" धाकट्याने विचारलं.

"मोठा असतो तो मुख्य," मी म्हटलं. हे मी सहज म्हटलं होतं. निसर्गनियम म्हणून म्हटलं होतं.

"मीटर खालचा, मुख्यही खालचाच?" धाकट्याची बायको म्हणाली. ती जिन्याच्या पायरीला उद्देशून म्हणाली, पण पायरी कुणाची बाजू घेत नव्हती.

"भाऊजी, तुम्हीच सांगा," माझी बायको म्हणाली, "मशीन कुणाच्या घरात आहे?"

"वहिनी, मशीन आमच्याकडेही आलं असतं. दादाच म्हणाला, बाबांना जिना चढवायला नको."

"मग जिना चढवायचा होता?"

कंपनीच्या माणसाचा फोन वाजला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काहीतरी पेटलं होतं. तो बॅग आवरत म्हणाला, "तुम्ही ठरवा आणि करा. हे बटण दाबून धरलं की बदलतं. एकदम सोपं आहे. फक्त दोन्ही मुख्य करू नका." आणि गेला.

आता मी काय केलं ते सांगतो. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी जिन्याखाली वाकलो आणि माझ्या युनिटचं बटण दाबून धरलं. मनात म्हटलं, वाद कशाला, आपण मोठे, आपणच समजूतदारपणे निर्णय घ्यावा. त्याच दुपारी धाकटा जिन्याखाली वाकला आणि त्याने त्याच्या युनिटचं बटण दाबून धरलं. त्यानेही मनात म्हटलं, वाद कशाला. दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नाही, कारण समजूतदार माणसं सांगत बसत नाहीत.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला वीज गेली.

या वेळी फट् झालं नाही. जिन्याखाली नुसतं टक् टक् झालं, एकदा माझ्या बाजूला, एकदा त्याच्या, आणि दोन्ही युनिटांवर लाल दिवे लागले. बाबांच्या खोलीत मशीन एक लांब शिट्टी मारून गप्प झालं. त्या मशीनची घरघर महिनोन् महिने ऐकून ऐकून ऐकू येईनाशी झाली होती. ती थांबल्यावर कानात एकदम खड्डा पडला.

मी सिलिंडरकडे धावलो. रोज त्याच्याजवळ उभा राहणारा मी, त्याची चावी कुठे आहे तेच मला आठवेना. धाकटा जिन्यावरून धडधडत आला. बाबांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या क्लिपवरचा आकडा उतरत होता, हळूहळू. बाबा तोंड उघडून श्वास घेत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. खिडकीकडे बघत होते. धाकट्याच्या बायकोने माझ्या बायकोला हाक मारली, माझ्या बायकोने उशीखालून चावी काढून तिच्या हातात दिली, तिने ती धाकट्याच्या हातात दिली, त्याने फिरवली आणि मी नळी जोडली. आकडा थबकला. मग चढायला लागला. आम्ही चौघेही त्या आकड्याकडे बघत उभे होतो, कुणी कुणाचा हात धरला होता ते अंधारात कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"मी सकाळी माझं मुख्य केलं," मी म्हटलं.

"मी दुपारी," धाकटा म्हणाला.

बाबांनी थोडा विचार केला. "मला वाटलं, मशीन बिघडलं," ते म्हणाले. "म्हणजे तुमचं नेहमीचंच आहे." आणि मग अगदी खालच्या आवाजात, ज्या माणसाने आम्हा दोघांना लहानपणी नुसत्या नजरेने गप्प केलं होतं त्याच्या तोंडी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "हे डॉक्टरांना सांगू नका रे. नाहीतर ते मला तिकडे टाकतील."

आम्ही दोघेही नाही सांगणार म्हणालो. दोघांचा आवाज सारखाच फुटला. मला माझी इतकी लाज वाटली की मी उगीचच सिलिंडर पुसत बसलो.

सकाळी कंपनीचा माणूस आला. लाल दिवे बघून त्याने पहिल्यांदाच फोन खिशात टाकला. "दोन्ही मुख्य केलीत? सांगून गेलो होतो ना? असं कुणी करत नाही हो!" युनिटांनी स्वतःला वेळीच बंद करून घेतलं होतं, त्यामुळे जळलं काही नव्हतं. आमच्यापेक्षा त्यांना अक्कल होती. "आता मी करून जातो. बोला, कुठलं मुख्य?"

मी पुढे झालो. रात्रभर मी मनाशी या वाक्याची तयारी केली होती. म्हटलं, "वरचं करा. त्याचं मुख्य असू दे."

माझी अपेक्षा अशी होती की यावर धाकटा म्हणेल, छे, दादा, तुझंच असू दे. मग मी म्हणेन, नाही नाही. मग डोळे पाणावतील आणि मग बघू.

"बरं," धाकटा म्हणाला.

झालं. माझं युनिट दुय्यम झालं. कंपनीच्या माणसाने मेन स्विच पाडला, दोन्ही युनिटांवर हिरवे दिवे लागले, मशीनची घरघर चालूच राहिली. मग तो म्हणाला, "आता खरी गंमत बघा," आणि त्याने माझं युनिट सरळ बंद करून टाकलं.

मी खोलीत धावत गेलो. बाबा पेपर वाचत होते. मशीन चालू होतं. आवाजात तसूभर फरक नाही. बाबांनी पान उलटलं. माझा इन्व्हर्टर बंद होता आणि माझे वडील आरामात श्वास घेत होते. खरं सांगतो, मला अपमान झाल्यासारखं वाटलं. इतके महिने मी सिलिंडरजवळ उभा राहत होतो, ऑफिसखेरीज घराबाहेर पडत नव्हतो, आणि आत कुठेतरी माझा असा समज झाला होता की हा माणूस माझ्यावर चाललाय. तो समज त्या पेपरच्या पानाबरोबर उलटला. आणि मग अपमान ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे खांदे दुखताहेत. कधीपासून दुखत होते कोण जाणे. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि बसूनच राहिलो.

"काय रे?" बाबा म्हणाले.

"काही नाही. चालू आहे."

त्यानंतर वरचं बंद करून माझ्यावरही चालवून बघितलं. तेही चाललं. पण ते बघायला मी उठलो नाही.

संध्याकाळी धाकटा खाली आला, बाबांच्या खुर्चीशेजारी बसला आणि मला म्हणाला, "दादा, जा ना जरा फिरून ये." मी आधी नको म्हटलं. बायकोने चपला पुढे केल्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलो, सवयीने थांबलो, मग पुढे गेलो. पुढे एक नवीन इमारत झाली होती, एक शिंप्याचं दुकान बंद पडलं होतं, एका ओळखीच्या घराचा रंग बदलला होता. मी पाहुण्यासारखा बघत चाललो होतो.

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे गेले. मला काही कळायच्या आत माझे पाय वळले आणि मी धावायला लागलो. एक चप्पल निसटली. ती घ्यायला वाकलो आणि तसाच उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला आमच्या घराची एक खिडकी उजळलेली दिसत होती, आणि ती उघडी होती. मी चप्पल घातली आणि धापा आवरत सावकाश चालत घरी आलो.

खोलीत मशीन घरघरत होतं. बाबा आणि धाकटा पेपरमधल्या शब्दकोड्यावर वाकले होते आणि एका आडव्या शब्दावरून त्यांचं कडाक्याचं भांडण चालू होतं. बाबांनी दाराकडे बघितलं. माझा घाम बघितला.

"एवढ्यात कशाला आलास?" ते म्हणाले. "जा, फिरून ये नीट. हा आहे इथे."

मी पुन्हा चपला घातल्या.